पाकिटावरची बारीक अक्षरे

चहाबरोबर शेव, चिवडा, फरसाण आपल्या घरांत आजही लागतेच. पूर्वी ते घरी तळले जाई, आता भारतीय मालाच्या दुकानातून पाकीट येते. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या आणि हिब्रूतली बारीक अक्षरे वाचणे जड जाणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांसाठी आम्ही हे लिहीत आहोत.

सर्वांत सोपी खूण लाल गोलाची. इस्राएलमध्ये ती २०२० साली आली आणि २०२१ पासून नियम अधिक कडक झाला. १०० ग्रॅम खाद्यपदार्थात ४०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम (हिब्रूत 'नत्रान'), १० ग्रॅमहून जास्त साखर किंवा ४ ग्रॅमहून जास्त संपृक्त चरबी असेल, तर लाल गोल छापावा लागतो. सोडियमला अडीचने गुणले की मीठ कळते. ८०० मिलिग्रॅम म्हणजे २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ खा म्हणते, आणि आपण चिवड्यावर थांबतो थोडेच! मागून जेवण, लोणचे, पापड आहेतच.

मग 'रखिविम', म्हणजे घटकांची यादी. जे वजनाने सर्वांत जास्त, ते पहिले. यादीतल्या 'ई' आकड्यांना उगाच घाबरू नये. ई १०० हा हळदीतला पिवळा रंग, ई ३३० सायट्रिक आम्ल. भारतीय पाकिटावर 'ई' ऐवजी 'आयएनएस' असते, आकडा बहुधा तोच. ६२१ म्हणजे आजिनोमोटो. त्यातही सोडियम असतेच.

काही आकडे मात्र कश्रूतशी संबंधित आहेत. ई १२० हा लाल रंग किड्यांपासून काढतात. ई ४७१ वनस्पती तेलापासून होतो तसा प्राण्यांच्या चरबीपासूनही, ई ६३१ मांस वा माशापासूनही. नुसत्या आकड्यावरून उगम कळत नाही, म्हणून हेखशेरचा शिक्का पाहावा.

भारतीय पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याला आपल्यातले बरेच जण कोशेरची खूण समजतात. तसे नाही. तो फक्त शाकाहाराची खूण आहे, आणि त्यात दूध, तूप चालते. म्हणजे हिरवा ठिपका असलेला पदार्थ पारवे असेलच असे नाही. शब्बाथच्या मटणाच्या जेवणानंतर असे पाकीट फोडण्याआधी यादीत दुधाची भुकटी आहे का ते बघावे.

वजनावर सुटे मिळणाऱ्या फरसाणाला लेबल नसते. तिथे दुकानदाराला मूळ पिशवी दाखवायला सांगताना संकोच करू नये.