‘दोन सूत’ आणि ‘सहा मिलिमीटर’ : राऊटरच्या बिटांची जुळणी

सुतारकामाच्या मराठी बोलीत लांबीचे एक जुने एकक अद्याप टिकून आहे. ते म्हणजे ‘सूत’. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. म्हणून पाव इंच म्हणजे ‘दोन सूत’ आणि अर्धा इंच म्हणजे ‘चार सूत’. भारतात दशमान मापांचा कायदा १९५६ साली संमत झाला आणि १९५८ पासून ती मापे टप्प्याटप्प्याने अमलात आली. तरी बोलीतून सूत गेले नाही. जवळपासच्या दशमान मापालाही तेच नाव देण्याचा मोह त्यामुळे होतो. अर्थाचा असा विस्तार एरवी निरुपद्रवी असतो. लाकडावर नक्षी कोरणाऱ्या यंत्राच्या बाबतीत मात्र तो घातक ठरू शकतो.

पटाशी किंवा किकरे यांना सुतार आपल्या हाताच्या सोयीची मूठ बसवून घेतो. यंत्रात हा संबंध उलटा होतो; तेथे हत्यारालाच यंत्राच्या पकडीत बसावे लागते. राऊटरच्या बिटाचे दोन भाग असतात : लाकूड कापणारी धार आणि यंत्रात जाणारी गोल दांडी. ही दांडी ज्या चिरा पाडलेल्या नळीत आवळली जाते तिला कोलेट म्हणतात. एका यंत्राचे बिट दुसऱ्यास लावण्याचा प्रश्न वस्तुतः धारेचा नसून प्रथमतः दांडी व कोलेट यांच्या मेळाचा असतो.

समजा, मुळशी तालुक्यातील कोळवण येथील एखाद्या सुताराजवळ हातराऊटरची दोन सुती बिटे आहेत आणि ती त्याला संगणकाने चालणाऱ्या कोरीव यंत्रावर वापरावयाची आहेत. इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, तेव्हा दोन सूत म्हणजे ६.३५ मिलिमीटर. नव्या यंत्राचे कोलेट ६ मिलिमीटरचे असेल, तर दांडी आत जाणारच नाही. याच्या उलट, ६ मिलिमीटरची दांडी साध्या दोन सुती कोलेटमध्ये सहज जाते. परंतु सर्वांगाने धरली न जाता तोंडाशीच आवळली जाते. मिनिटाला वीस हजार फेरे घेताना असे बिट घसरते, वाकते किंवा निसटून कारागिराच्या अंगावर येते. दांडी घासून बारीक करणे अथवा तिच्याभोवती पत्रा गुंडाळणे हे उपाय म्हणूनच वर्ज्य होत. त्यांनी दांडीची गोलाई आणि केंद्र दोन्ही बिघडतात.

योग्य मार्ग कोलेट बदलण्याचा आहे. ईआर-२० जातीच्या यंत्रात ७ ते ६ मिलिमीटर पकडीचे कोलेट ६.३५ ची दांडी नीट धरते, आणि त्यात १३ मिलिमीटरपर्यंतची दांडी बसू शकते. ईआर-११ ची मर्यादा ७ मिलिमीटर असल्याने त्यात चार सुती, म्हणजे १२.७ मिलिमीटरचे, बिट बसणे शक्य नाही. मोठ्या कोलेटमध्ये बारीक दांडी बसविण्यासाठी अचूक मापाची मधली नळी मिळते. उलट दिशेने तसा उपाय नाही.

दांडी जुळली तरी वेग पाहावा लागतो. वीस हजार फेऱ्यांस ६ मिलिमीटर व्यासाच्या धारेची कड सेकंदाला सुमारे ६ मीटर धावते, तर ५० मिलिमीटर व्यासाची कड ५२ मीटर. यास्तव रुंद बिटास फेरे कमी ठेवावे लागतात.

‘दोन सुती’ आणि ‘सहा मिलिमीटरी’ ही दोन नावे म्हणून एकमेकांचे पर्याय नव्हेत. त्यांतील ०.३५ मिलिमीटरचे अंतर बोलीत ऐकू येत नाही, पण यंत्र ते विसरत नाही. सूत हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. तो केवळ इंचाच्या मापापुरता राखला आणि दशमान माप त्याच्याच नावाने उच्चारले, की हे अंतर कामगाराच्या कानालाही कळेल.