गोठलेल्या खांद्यासाठी एक टी-शर्ट

मार्गशीर्ष सरता सरता ओझरच्या थंडीला धार येते. निफाड तालुक्यातील द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, महामार्गावर धुके उतरते आणि विमान कारखान्याच्या वसाहतीत राहिलेली निवृत्त मंडळी कानांना मफलर गुंडाळून फिरावयास निघतात. माझे वडील त्यांतलेच. गेल्या हिवाळ्यात मात्र त्यांनी फिरणे सोडले. विचारले की ‘थंडी फार आहे’ एवढेच म्हणत. खरे कारण आईकडून कळले. त्यांचा उजवा खांदा धरला होता, अंगातील कपडा एकट्याने घालता-काढता येत नव्हता आणि रोज पहाटे बाही ओढण्यासाठी आईला उठवणे त्यांना रुचत नव्हते.

या विकाराला ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे गोठलेला खांदा, असे म्हणतात. खांद्याच्या सांध्याभोवतीचे आवरण जाड व आखूड होते आणि हात बाजूला उचलणे, बाहेर वळवणे, पाठीमागे नेणे दुष्कर होऊन बसते. चाळिशीनंतर तो अधिक आढळतो, आणि मधुमेह असलेल्यांत विशेषत्वाने. वडिलांना मधुमेह आहेच. बहुधा तो बरा होतो, परंतु एक ते तीन वर्षे घेतो. भौतिकोपचारतज्ज्ञांनी व्यायाम दिले, ते सुरूही झाले. व्यायामाचे फळ महिन्यांनी मिळते; कपडा मात्र दिवसातून दोनदा बदलावाच लागतो.

बटणांचा सदरा सोयीचा असेल, असे आम्हांला प्रथम वाटले. तो अधिकच त्रासाचा ठरला, कारण दुसरी बाही चढवताना हात पाठीमागे न्यावा लागतो आणि याच हालचालीला हा खांदा मुळीच राजी नसतो. टी-शर्टात तसे करावे लागत नाही. दुखरा हात आधी बाहीत सरकवायचा, मग डोके, शेवटी चांगला हात. काढताना क्रम उलटा: चांगला हात आधी, मग डोके आणि दुखऱ्या हातावरून कपडा अलगद ओघळू द्यायचा. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. अर्धांगवायू झालेल्या व्यक्तीस कपडे घालतानाही तोच पाळतात. अडचण होती ती दुकानातील टी-शर्टांची. त्यांचा मुंढा अरुंद आणि गळा घट्ट. दोन मापे मोठा आणला तर खांदा कोपराकडे उतरे आणि मुंढा तरी अडेच.

तेव्हा तो घरीच शिवावा असे मी ठरवले. उशांचे अभ्रे, परकर आणि भाच्याचे एक झबले, एवढीच माझी शिवणातील पुंजी होती. घरी आईचे पायाने चालवावयाचे जुने काळे यंत्र आहे. टी-शर्टाचे कापड त्यावर शिवता येत नाही, असे ज्याला विचारावे तो सांगे. ते अर्धसत्य आहे.

शेजारच्या येवल्याची पैठणी डोळ्यांसमोर आणली तर मर्म लवकर कळेल. मागावरच्या कापडात उभे धागे आणि आडवे धागे एकमेकांना छेदून जातात. ते ताणले जात नाही. होजिअरीच्या कापडात धागा फासात फास अडकवून विणलेला असतो, लोकरीच्या स्वेटरसारखा, फक्त फार बारीक. ओढले की फास लांबट होतात, सोडले की पूर्ववत होतात. म्हणूनच हे कापड दुखऱ्या हाताला सांभाळून घेते. शिवताना याच गुणाचा त्रास होतो: कापड ताणते, पण यंत्राची सरळ टीप ताणत नाही. ती तुटते.

नवख्या व्यक्तीने कोणते कापड घ्यावे, याबद्दल माझे मत ठाम आहे. सुती ‘इंटरलॉक’ विणीचे घ्यावे. साध्या जर्सीच्या कडा कापल्याबरोबर सुरळीसारख्या गुंडाळल्या जातात; इंटरलॉक सपाट पडून राहते, किंचित जाड असल्यामुळे थंडीतही उपयोगी पडते. येथे एक गोंधळ संभवतो. शिंपी कापडाच्या कडेला घालतात त्या ओव्हरलॉक शिलाईलाही आपल्याकडे इंटरलॉकच म्हणतात. दुकानात ‘इंटरलॉकचे कापड’ मागितल्यावर मला बराच वेळ शिंप्याचा पत्ता सांगितला जात होता. लायक्रा मिसळलेले निसरडे कापड पहिल्या खेपेस टाळावे. ताण पाहण्याची सोपी रीत अशी: कापडाची आडवी १० सेंटिमीटर लांबी चिमटीत धरून पट्टीवर सहज ओढावी. ती १२-१३ सेंटिमीटरपर्यंत जाऊन सोडताच परत आली, तर टी-शर्टास पुरे. आणि कापण्यापूर्वी एकदा धुऊन सपाट वाळवावे. सुती होजिअरी आटते, लांबीकडून अधिक. शिवाय नव्या कापडावरील प्रक्रियेची द्रव्ये पहिल्या धुण्यात बरीचशी निघून जातात, हे कोरड्या, खाजऱ्या त्वचेच्या दृष्टीने हिताचे असते.

कटिंगसाठी वडिलांच्या अंगाला पूर्वी नीट बसणारा जुना टी-शर्ट तपकिरी कागदावर ठेवून रेखून घेतला आणि तीन ठिकाणी बदल केले. मुंढा ३ सेंटिमीटर खाली नेला, बाही त्या मानाने रुंद केली, गळा दोन्ही बाजूंनी एकेक सेंटिमीटर वाढवला. एरवी मुंढा असा खाली नेणे चूकच. मग हात वर करताना सगळा कपडा पोटावरून वर ओढला जातो. परंतु ज्याचा हात वर जातच नाही, त्याला वर ओढल्या जाणाऱ्या कपड्याची तक्रार नसते. त्याला बाहीत शिरावयास दार हवे असते.

वडील शेजारी बसून पाहत होते. ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिला. त्यांचे सारे आयुष्य तेथे मोजमापांत गेले. खडूच्या रेषेबाहेर मी कापते आहे, हे पाहून त्यांनी विचारले, “चूकभूल किती धरली आहेस?” मी म्हटले, “एक सेंटिमीटर माया सोडली आहे.” शिवणातील हा शब्द त्यांनी बहुधा प्रथमच ऐकला. दिवसभर तो त्यांच्या तोंडी होता.

शिवण्याचा क्रम असा ठेवला: आधी खांदे, मग गळा, मग बाह्या उघड्याच जोडून घेणे, त्यानंतर बाहीच्या टोकापासून घेरापर्यंत कूस एका दमात शिवणे, शेवटी दुमड. बाही अशी सपाट जोडणे नवख्या हाताला फार सोपे जाते. सुई मात्र बदललीच पाहिजे. साध्या सुईचे टोक फासाचा धागा भेदते आणि धुतल्यावर तेथे बारीक भोके उमलतात. होजिअरीसाठी ‘बॉलपॉइंट’ सुई मिळते. तिचे गोलसर टोक धागे बाजूला सारून आत जाते. इंटरलॉकला १४ नंबरची चालते. दोरा पॉलिस्टरचा घ्यावा, सुती दोरा ताणाला लवकर तुटतो.

खांद्याची शिवण ताणू नये म्हणून तिच्यात अरुंद सुती फीत धरली. तेथे आणि उभ्या कुशीला काळ्या यंत्राची सरळ टीप पुरते. टाका थोडा लहान ठेवावा, वरचा ताण थोडा सैल करावा. गळ्याला आणि बाही जोडावयाला मात्र नागमोडी टीप हवी. आपल्या गल्लीतील फॉल-पिकोवाल्यांकडचे यंत्र तशीच टीप घालते. पट्टी घरी टाचून नेली की ते जोडून देतात. घेराची आणि बाहीची दुमड मी हातानेच घातली, शाळेत भरतकामात शिकवतात त्या मच्छीटाक्याने. तिरक्या, एकमेकांना ओलांडणाऱ्या या टाक्याला स्वतःचा ताण असतो, तो तुटत नाही. वेळ लागतो, पण टी.व्ही.वरची बातमी ऐकत होतो.

गळ्याची पट्टी हा या कपड्यातील कसोटीचा भाग होय. ब्लाउजला उरेब पट्टी लागते. येथे ती नको, कापड आडवे ताणते त्या दिशेने सरळ पट्टी कापावी. गळ्याचा घेर टेपने मोजून त्याच्या सुमारे ८५ टक्के लांबी घ्यावी. आमचा घेर ६० सेंटिमीटर भरला, म्हणून पट्टी ५१ सेंटिमीटर अधिक जोडासाठी माया. रुंदी ५ सेंटिमीटर. उभी दुमडून, टोके जोडून तिचे कडे करावे. कड्याचे आणि गळ्याचे चार-चार समान भाग करून खुणा जुळवाव्यात. जोडताना पट्टी ताणायची, गळा मुळीच नाही.

पहिल्या टी-शर्टाच्या वेळी नेमके येथेच चुकले. पट्टीचा जोड पिकोवाल्यांकडे न नेता मी काळ्या यंत्रावर रेटला. यंत्र कापड पुढे नेईना, म्हणून मी मागून ओढले, आणि गळ्याला पुरीच्या कडेसारख्या लाटा आल्या. घालताना दोन टाकेही तुटले. नवख्यांचा हात येथे हमखास घाई करतो. कापड ओढू नये, यंत्राच्या दातांनाच नेऊ द्यावे. ते अडत असेल तर खाली पातळ कोरा कागद धरून शिवावे आणि नंतर फाडून टाकावा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. लाटा थोड्या असतील तर वाफेच्या इस्त्रीने, न घासता, नुसती दाबून बसवता येतात. माझ्या तेवढ्याने बसल्या नाहीत. पट्टी उसवून पुन्हा लावावी लागली. उसवताना कळले की मानेशी दुकानातले लेबल नाही, हाच या कपड्याचा एक मोठा गुण.

आठवड्यातून दोन दुपारी, अर्ध्या तासाने उठून मान-पाठ मोकळी करत बसल्यास, पहिला टी-शर्ट पंधरवड्यात होतो. दीड मीटर कापड पुरते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई नेहमीच्या वेळी जागी झाली तेव्हा वडील बाहेर पडले होते. शर्ट उलटा घातला होता, शिवणी बाहेर. परत आल्यावर सांगितले, तर म्हणाले, आतून टोचत नाही, असाच बरा.

यंदाच्या दिवाळीनंतर दुसरा शिवला, राखाडी. खांदा आता बराच सुटला आहे. वरच्या फळीवरचा डबा ते स्वतः काढतात आणि नव्या टी-शर्टात हात वर केला की कपडा वर येतो, अशी तक्रार करतात. तपकिरी कागदावर मुंढ्याची रेषा मी दीड सेंटिमीटर पुन्हा वर घेतली आहे. जुनी रेषा खोडलेली नाही.