काडतूस म्हणजे मापाची पुडी

आमच्या घरी पकडीसारखं एक लोखंडी अवजार होतं. आजी त्याला मोडका अडकित्ता म्हणायची, कारण त्याने सुपारी काही फुटत नसे. मिटलं की आत एक गोल पोकळी दिसे. तो शिशाच्या गोळ्या ओतायचा साचा होता, हे मला नोकरीत साच्यांशी रोजचा संबंध आल्यावर कळलं. तोवर तो भंगारात गेला होता.

हैदराबादेत साचा म्हटलं की गनफाउंड्री आठवते, म्हणजे आपला 'तोप का सांचा'. निजाम अली खानाच्या काळात फ्रेंच सेनानी रेमाँ याने ती उभारली. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. त्या लढाईत रेमाँही होता. तोफ ओतायला अशी मोठी भट्टी लागते. बंदुकीच्या गोळीचं तसं नाही. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, त्याला चूल आणि लोखंडी पळी पुरते. म्हणून गोळ्या घरी, छावणीत, कुठेही ओतल्या जात.

'काडतूस' हा शब्द पोर्तुगीज 'कार्तुश'वरून आला आणि त्याचं मूळ कागदाच्या नावात आहे. काडतूस खरोखरच कागदाची पुडी होती. एका बाराची दारू आणि एक गोळी एकत्र गुंडाळलेली. शिपाई टोक दातांनी फाडे, दारू नळीत ओते आणि गोळी गजाने ठासे. धावपळीत दारू मोजत बसावं लागू नये, म्हणून माप आधीच बांधून ठेवायचं. वाण्याच्या पुडीसारखंच हे. १८५७ चा असंतोष पेटला तो याच दातांनी फाडायच्या, चरबी लावलेल्या कागदावरून.

आता मापाची गंमत बघा. इंग्रजी ब्राउन बेस बंदुकीची नळी सुमारे १९ मिलिमीटरची, गोळी साधारण साडेसतराची. दारूच्या काजळीने नळी आतून भरत जाते, म्हणून गोळी मुद्दाम लहान ठेवत. पण १७७७ च्या फ्रेंच बंदुकीची नळीच साडेसतराची! म्हणजे इंग्रजी गोळी तिच्यात जाणारच नाही; आणि फ्रेंच गोळी इंग्रजी नळीत खुळखुळणार. निजामाच्या पदरी तेव्हा रेमाँच्या पलटणीही होत्या आणि इंग्रजांच्याही. शिसं आहे, दारू आहे, माणसं आहेत, पण साचा भलताच असेल तर हातात नुसती काठी उरते.

पितळी काडतूस आलं एकोणिसाव्या शतकात. कागद जळून जाई. पितळेचं टरफल मागे राही. तेच पुन्हा भरायचं शिकाऱ्यांनी सुरू केलं, आणि जुन्या साच्याला नवं काम मिळालं.

तेव्हा मंडळातल्या सभासदांना एकच विनंती. घरात असा 'मोडका अडकित्ता' सापडला तर घासूनपुसून विकू नका. पोकळीचा व्यास मोजा, फोटो काढा, आम्हाला दाखवा. ती गोळी कोणत्या बंदुकीची, हे त्या एका आकड्यावरून बरंचसं कळू शकतं. मात्र जुनं काडतूस किंवा दारूची शिंगडी मिळाली तर उघडून बघायचा मोह नक्को. सरळ पोलिसांना कळवा. दारूगोळा बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो.

रिकामा साचा निरुपद्रवी असतो. आमचा गेला, तुमचा तरी राहू द्या.