औषध पोटात नाही, पट्टीत!

कंबरेवर, मांडीवर किंवा गालावर एखादी जखम दोन महिने झाले तरी भरत नाही. खपली धरते, निघते, पुन्हा रक्त येतं. तुम्ही हळद लावता, मेडिकलमधून मलम आणता आणि 'होईल बरं' म्हणून सोडून देता. बहुतेक वेळा ते साधंच काहीतरी असतं. पण कधीकधी तो त्वचेचा कर्करोग असतो.

'हा तर गोऱ्या लोकांचा आजार' असं तुम्हालाही वाटत असेल. ते अर्धंच खरं आहे. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन उन्हापासून बरंच संरक्षण देतं, म्हणून भारतात हा कर्करोग कमी दिसतो. पण आपल्याकडची काही कारणं अगदी आपलीच आहेत. काश्मीरमध्ये थंडीत फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसतात. वर्षानुवर्षांच्या त्या धगीने पोटाच्या आणि मांड्यांच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाला डॉक्टर 'कांगडी कॅन्सर' म्हणतात. धोतर घट्ट बांधून कंबरेला होणाऱ्या कर्करोगाची नोंद मुंबईच्या डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्ये केली होती. परकराची नाडी जिथे काचते, तिथेही असे कर्करोग आढळले आहेत. नाडी रोज त्याच जागी आवळून बांधणाऱ्या घरातल्या बायकांना हे जरूर सांगा.

सुईतून निघणारा कापूस

या कर्करोगावर मुख्य उपाय आजही शस्त्रक्रियाच. वरवरच्या गाठींसाठी ५-फ्लुरोयुरॅसिलसारख्या औषधाचं क्रीमही असतं, पण ते दिवसातून दोनदा, कित्येक आठवडे लावावं लागतं. लावलं की निम्मं कपड्यांना पुसलं जातं. शिरेतून केमोथेरपी दिली, तर औषध अंगभर फिरतं. गाठ बोटभर जागेत, आणि केस गळतात डोक्याचे!

म्हणूनच शास्त्रज्ञ एका वेगळ्या कापडाच्या मागे लागले आहेत. शरीरात हळूहळू विरघळणारं पॉलिमर आणि औषध यांचं द्रावण सिरिंजमध्ये भरतात आणि सुईला हजारो व्होल्टचा विद्युतदाब देतात. सुईच्या टोकावरचा थेंब ताणला जातो, त्याची धार निघते, वाटेतच द्रावक उडून जातो आणि समोरच्या पत्र्यावर धागा जमत जातो. दिसायला जत्रेतल्या 'बुढ्ढी के बाल'सारखंच, फक्त तिथे धागा चाक फिरवून निघतो, इथे विजेच्या ओढीने. हा धागा केसाच्या शेकडो पट बारीक असतो. तेच नॅनोफायबर.

हे कापड गाठीवर चिकटवलं किंवा गाठ काढल्यावर जखमेत ठेवलं, की धाग्यात अडकलेलं औषध तिथल्या तिथे, थोडं थोडं झिरपत राहतं. चिटोसानसारखं पॉलिमर वापरलं, तर जखम भरायलाही मदत होते.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तर औषधाऐवजी लोहाच्या ऑक्साइडचे कण अशा धाग्यांत गुंफले आणि ते सर्जिकल टेपवर बसवले. बाहेरून बदलतं चुंबकीय क्षेत्र दिलं की पट्टी तापते आणि कर्करोगाच्या पेशी त्या उष्णतेने मरतात. प्रयोगशाळेतल्या मानवी पेशींवर आणि उंदरांच्या गाठींवर त्यांनी ते करून पाहिलं.

अडतंय कुठे?

पट्टी लावताच बरंचसं औषध पहिल्या काही तासांतच बाहेर पडतं, ही जुनी डोकेदुखी. त्यासाठी आत औषध आणि बाहेर वेगळ्या पॉलिमरचं आवरण असे दुपदरी धागे बनवतात. दुसरी अडचण आपल्या त्वचेचीच. बाहेरचं काही आत जाऊ न देणं हेच तिचं काम, त्यामुळे जाड गाठीच्या तळापर्यंत औषध पोहोचवणं अवघड जातं. आणि रोग लसिका ग्रंथींपर्यंत गेला असेल, तर वरून लावलेली पट्टी पुरेशी नाहीच.

यातलं बहुतेक काम अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच चालू आहे. तेव्हा ऑनलाइन कोणी 'कॅन्सरची नॅनो पट्टी' विकत असेल, तर पैसे घालवू नका. न भरणारी जखम, रंग किंवा आकार बदलणारा तीळ, तळपायावर किंवा नखाखाली नव्याने आलेला काळा डाग, जुन्या भाजल्याच्या व्रणावर उठलेली गाठ, यातलं काही दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते छोटा तुकडा काढून बायोप्सीला पाठवतील. त्या जागेला तेवढ्यापुरतं बधिर करतात, तुम्ही त्याच दिवशी घरी येता.