शेळीचे डोळे आडवे का?

शेळीच्या डोळ्यात नीट पाहा. बाहुली गोल नसते, आडव्या फटीसारखी असते. त्यामुळे तिला मान न वळवताही जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. पाठीमागचा थोडासा भागच तेवढा सुटतो. खरी कमाल तर पुढेच आहे. चरायला तिनं मान खाली घातली, की डोळे खोबणीत ५० अंशांहून अधिक फिरतात आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते. तोंड गवतात, पण लक्ष लांडग्यावर!

शेळी काहीही खाते, हा निव्वळ गैरसमज. वरच्या जबड्यात पुढचे दात नसूनही ती लवचीक ओठांनी बाभळीच्या काट्यांमधला कोवळा पाला अचूक खुडते. मराठवाड्यातली काळीभोर उस्मानाबादी शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहून उंचावरची डहाळी कशी ओढते, ते पाहण्यासारखं असतं. मोरोक्कोतल्या शेळ्या त्याहून धीट: त्या फळांसाठी थेट अर्गनच्या काटेरी झाडावर चढतात आणि नंतर रवंथ करताना बऱ्याच बिया थुंकून टाकतात.

आणि हुशारी? लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये खाऊच्या डब्याचं झाकण घट्ट बसवून ठेवलं. ते उघडेना, तेव्हा शेळ्या एकदा डब्याकडे, एकदा जवळच्या माणसाकडे पाहू लागल्या. माणूस पाठमोरा असला, तर मात्र त्या त्याच्याकडे कमी पाहत.