मूळ चित्राची ओढ

छापील प्रत काहीशे रुपयांत मिळते, तरी मूळ चित्रासाठी काही जण हजारो, लाखो रुपये मोजतात. मुंबईच्या जहांगीर कलादालनात चित्र घेणाऱ्याला रंग-विषयाबरोबर घरची भिंत, खिसा, चित्रकाराचे नाव आणि पुढे भाव वाढेल ही आशाही दिसत असते. पण ‘हे अस्सल आहे’ या जाणिवेचा मेंदूवरही परिणाम होतो.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०११ मध्ये हे तपासले. स्वयंसेवकांना एमआरआय यंत्रात रेम्ब्रांची आणि त्याच्या धाटणीतली चित्रे दाखवली. चित्र ‘अस्सल’ असल्याचे सांगितले की डोळ्यांच्या खोबणीवरचा, बक्षिसाच्या आनंदाशी निगडित असा मेंदूचा भाग अधिक सक्रिय होई. चित्र खरोखर अस्सल आहे की नाही, याने फरक पडत नव्हता. म्हणजे सुखावत होते ते लेबल.

फसवणूक नेमकी इथेच होते. १९३०च्या दशकात रॉटरडॅमच्या संग्रहालयाने व्हर्मीरचे समजून पाच लाखांहून अधिक गिल्डरना एक चित्र घेतले. नामवंत तज्ज्ञही भारावले होते. १९४५ मध्ये हान व्हान मेखेरेन याने ते आपणच रंगवल्याचे कबूल केले. रंग जुना, टणक दिसावा म्हणून त्याने त्यात बॅकेलाइट मिसळून चित्र भट्टीत भाजले होते.

म्हणून मोठी रक्कम मोजण्यापूर्वी चार दिवस थांबावे, चित्र पुन्हा पाहावे. नाव झाकूनही ते आवडत असेल, तर खुशाल घ्यावे. मात्र सोबत चित्रकाराच्या सहीचे प्रमाणपत्र आणि पावती मागून घ्यावी.