गुडघ्याच्या आतली गाठ

आज गुडघ्याच्या आत, अगदी मधोमध जाऊ. मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारे दोन अस्थिबंध इथे एकमेकांना छेदून जातात. पुढचा एसीएल आणि मागचा पीसीएल. एसीएल फाटतो हे क्रिकेट-फुटबॉलच्या बातम्यांमुळे घरोघरी माहीत झालंय. पण या अस्थिबंधांमध्ये किंवा त्यांना चिकटून कधी कधी गाठही होते, तिला गँगलिऑन सिस्ट म्हणतात. मनगटावर येते तीच ही गाठ. आत दाट, चिकट द्रव असतो आणि ती कॅन्सरची नसते. मात्र गुडघ्यातली ही गाठ ना डोळ्यांना दिसते, ना बोटांना लागते. म्हणूनच तिची पहिली नोंद १९२४ साली झाली तीही शवविच्छेदनात, आणि एमआरआय येईपर्यंत ती क्वचितच कोणाच्या लक्षात येई.

रुग्ण येतो तो मोघम तक्रार घेऊन. मार लागल्याचं आठवत नाही, सूज फारशी नाही, पण 'आत काहीतरी अडकतं'. अशा वेळी नेमकं कधी दुखतं, हे खोदून विचारायला हवं. गाठ एसीएलच्या पुढे असेल, तर पाय पूर्ण सरळ करताना ती हाडांच्या मध्ये चेपते. पीसीएलजवळ असेल, तर गुडघा पूर्ण दुमडताना कळ येते. आपल्याकडे हे दुखणं उकिडवं बसताना, देशी संडासात किंवा पंगतीत मांडी घालताना आधी जाणवतं. खुर्चीवर दिवस काढणाऱ्याला ते बरेच दिवस कळणारही नाही. तपासणीत अस्थिबंध सहसा घट्टच लागतो, एक्स-रेही बहुधा साफ असतो. एमआरआयच्या टी-टू चित्रांत मात्र गाठ पांढरीशुभ्र, रेखीव काठाची दिसते. कधी स्वतंत्र गाठ नसते, अख्खा अस्थिबंधच फुगून त्याचे धागे विस्कटल्यासारखे दिसतात. ते म्युकॉइड डीजनरेशन. घाईत त्याला 'फाटलेला एसीएल' समजण्याची चूक होते. दोन्ही एकत्रही आढळतात.

एमआरआय केलेल्या शंभर गुडघ्यांत फार तर एखाद्यात ही गाठ सापडते, आणि सापडली तरी दुखण्याचं कारण तीच असेल असं नाही. रिपोर्टमधला 'सिस्ट' हा शब्द वाचून ऑपरेशनची तारीख विचारणारे लोक असतात, त्यांना थोडं थांबवावं लागतं. दुखण्याची जागा आणि गाठीची जागा जुळत नसेल, तर दुसरं कारण शोधायचं. त्रास न देणाऱ्या गाठीला हात लावायचा नाही.

जुळत असेल तर दोन वाटा आहेत. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर बघत सुईने द्रव ओढून काढता येतो. पण द्रव दाट, त्यामुळे सुई जाड लागते, आणि गाठीचं आवरण तसंच राहिल्याने ती पुन्हा भरू शकते. दुसरी वाट दुर्बिणीची, म्हणजे आर्थ्रोस्कोपीची. छोट्या छेदांतून गाठ फोडून तिचं आवरण खरवडून काढतात. त्यानंतर ती सहसा परत येत नाही. पीसीएलच्या मागे दडलेली गाठ समोरून नीट दिसत नाही, तेव्हा गुडघ्याच्या मागच्या बाजूनेही एक छेद घ्यावा लागतो. तिथून रक्तवाहिन्या जवळ असल्याने हे काम सरावलेल्या हाताचं. म्युकॉइड डीजनरेशनमध्ये किती खरवडायचं हा प्रश्न आणखी नाजूक आहे, कारण जास्त काढलं तर दुखणं जातं पण गुडघा सैल पडण्याचा धोका राहतो. तेव्हा ऑपरेशन ठरवताना सर्जनला अस्थिबंधाचा किती भाग काढणार, हे आधीच विचारून घ्यावं.